परिषद आणि मास्तर

शिक्षणपरिषदेहून परत आलेल्या मास्तराला घरची मंडळी दोनच प्रश्न विचारतात : जेवण कसे होते, आणि पिशवी कोणती मिळाली? तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आणि विचारलाच, तर त्याचे उत्तर द्यावयाला मास्तरालाही थोडे अवघडच जाते. मी चौतीस वर्षे एका तालुक्याच्या गावी इतिहास शिकविला. त्या अवधीत लहानमोठ्या मिळून पंचवीस-तीस परिषदा, संमेलने, चर्चासत्रे पाहिली. छातीवर नावाची चिठ्ठी टोचून घेतली, उद्‌घाटनाला दीड तास उशीर झाल्यावर स्वागतगीत दोनदा ऐकले, समारोपाच्या वेळी गाडीची वेळ झाली म्हणून मागच्या दाराने हळूच निघून आलो. हे सगळे पुष्कळांनी केले आहे. त्यात सांगण्यासारखे विशेष काही नाही.

पण इतिहासाच्या मास्तराला एक खोड असते. व्यासपीठावरून कोणी बोलत असले, की त्याचे लक्ष वक्त्यापेक्षा खुर्च्यांकडे जाते. पहिल्या रांगेत कोण बसले आहे? बोलावणे कोणाला गेले, कोणाला गेले नाही? आणि ज्याच्या हाताखालून पोरे जावयाची आहेत, तो मनुष्य या मांडवात नेमका कोठे आहे? सेवानिवृत्तीनंतर रिकामा वेळ हाताशी आला, तेव्हा मी हाच प्रश्न घेऊन जुन्या परिषदांचे वृत्तांत वाचीत गेलो. जे हाती लागले, ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवतो. चकलीइतके खुसखुशीत नसेल. पण शिळे मात्र नाही.

हिंदुस्थानातल्या शिक्षणपरिषदांची गोष्ट सांगावयाची, तर सिमल्यापासून आरंभ करावा लागतो. सन १९०१ च्या सप्टेंबरात लॉर्ड कर्झन याने सिमल्यास एक परिषद भरविली. अध्यक्ष तो स्वतःच. निरनिराळ्या प्रांतांचे शिक्षणखात्याचे संचालक आले होते. मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजाचे डॉ. मिलर आले होते. आणखी काही अधिकारी होते. एकाही हिंदी मनुष्याला बोलावणे नव्हते. तीस कोटींच्या जवळपास लोकांच्या मुलांनी काय शिकावे, हे पहाडावरच्या थंड हवेत, बंद दारांआड पंधरवडाभर ठरत होते. ठराव झाले दीडशे, आणि सारेच्या सारे एकमताने! मी आयुष्यभर शिक्षकांच्या सभा पाहिल्या आहेत; मधली सुट्टी दहा मिनिटांची असावी की पंधरा, एवढ्या विषयावरही आमचे एकमत झालेले मला आठवत नाही. दीडशे ठराव जेथे एकमताने होतात, तेथे एकच मनुष्य बोलत असला पाहिजे. आणि तसेच होते. ठरावांचे मसुदे खुद्द व्हाइसरॉयसाहेबांच्या हातचे होते.

कर्झनविषयी अन्याय करावयाचा नाही. मनुष्य कष्टाळू होता, आणि प्राथमिक शिक्षणाची आबाळ झाली आहे हे त्याला दिसत होते. १९०४ च्या मार्चमध्ये सरकारने शिक्षणविषयक धोरणाचा जो ठराव प्रसिद्ध केला, त्यात ही कबुली स्वच्छ आहे. पण त्याच वर्षी विद्यापीठांचा कायदा आला, आणि सिमल्याच्या बंद दारांआड काय शिजले होते याविषयीचा सगळा संशय लोकांच्या मनात पक्का झाला. कायदे कौन्सिलात त्या कायद्याला कसून विरोध करणारे गृहस्थ होते गोपाळ कृष्ण गोखले, म्हणजे कालपरवापर्यंत फर्ग्युसन कॉलेजात तास घेणारा एक मास्तर. पुढे १९११ साली याच गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. १९१२ च्या मार्चमध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. सिमल्यास ज्याला खुर्ची मिळाली नाही त्याने कौन्सिलात खुर्ची मिळविली. पण तेथेही हातांची मोजणी त्याच्याविरुद्धच गेली.

सिमल्याच्या एकोणीस वर्षे आधी, १८८२ च्या ऑक्टोबरात, पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे आपले निवेदन दिले होते. ती परिषद नव्हे, साक्ष. म्हणून तिचा येथे ओझरताच उल्लेख करतो. जोतीरावांनी गावच्या मास्तराच्या पगाराचा आकडा काढला होता. दाखला मिळविलेल्या पंतोजीला निदान बारा रुपये, आणि मोठ्या गावी पंधरा-वीस रुपये मिळावेत, असे त्यांचे म्हणणे. शिवाय मास्तर असा असावा, की ज्याला स्वतः नांगर धरता येईल किंवा सुताराची वाकस चालविता येईल, आणि जो खालच्या थरांतल्या लोकांत मोकळेपणाने मिसळेल. नांगर, वाकस आणि मास्तराचा पगार हे तीन शब्द लक्षात ठेवावेत. पुढे पंचावन्न वर्षांनी वर्ध्यास हेच तिन्ही पुन्हा भेटावयाचे आहेत.

आता एका खऱ्याखुऱ्या मास्तराकडे वळू. परिषदांचा उपयोग कसा करून घ्यावा, हे ज्याला महाराष्ट्रात सर्वांत चांगले कळले, तो मनुष्य वक्ता नव्हता, लाजाळू होता. धोंडो केशव कर्वे हे त्याचे नाव. कोकणातल्या मुरुडचा हा मुलगा पूर्वी परीक्षेसाठी घाट चढून साताऱ्यास पायी गेला होता. आणि वय कमी दिसते म्हणून तेथे त्याला परीक्षेला बसूच दिले नाही. पुढे गोखल्यांच्याच आग्रहावरून १८९१ साली तो फर्ग्युसनमध्ये गणित शिकवावयास आला. विधवाश्रम, हिंगणे, या गोष्टी महाराष्ट्रातल्या घराघरांत माहीत आहेत. त्या पुन्हा सांगत नाही. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईस राष्ट्रीय सामाजिक परिषद भरली, आणि तिचे अध्यक्षपद अण्णांकडे आले, एवढ्यापासूनच आपली गोष्ट सुरू होते.

अध्यक्षीय भाषण म्हणजे काय असते, हे आपण जाणतोच. पण अण्णांच्या हाती जपानातल्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका आलेली होती. तिच्यावर विचार करून त्यांनी आपल्या भाषणातच स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली. शिकावयाचे ते मातृभाषेतून, इंग्रजी हा एक विषय म्हणून, आणि अभ्यासक्रम बायकांच्या आयुष्याकडे पाहून आखलेला. टीका झाली. मुलींना निराळे, म्हणजे कमी प्रतीचे शिक्षण देणार काय, असे विचारणारे सुधारकांतच होते. आणि त्यांचा प्रश्न अगदीच फेकून देण्यासारखा होता, असे मला आजही वाटत नाही. पण अण्णा भाषण करून घरी जाऊन स्वस्थ बसले नाहीत. १९१६ साली विद्यापीठ निघाले. पाच विद्यार्थिनी! परिषदेतले भाषण आणि प्रत्यक्ष वर्ग यांत एका वर्षाचेसुद्धा अंतर पडू न देणारा दुसरा अध्यक्ष माझ्या पाहण्यात नाही.

याच गृहस्थांनी १९२९ साली, वयाची सत्तरी उलटली असता, बोट पकडली. मुलींच्या विद्यापीठासाठी पैसे आणि ओळख दोन्ही हवी होती. इंग्लंडात माल्व्हर्न येथे प्राथमिक शिक्षकांची परिषद होती. तेथे ते गेले. लंडनास कॅक्स्टन हॉलमध्ये हिंदी स्त्रियांच्या शिक्षणावर बोलले. जुलैच्या अखेरीस जिनिव्हा येथे जागतिक शिक्षणसंघटनेची परिषद भरली. तेथे ‘हिंदुस्थानातील स्त्रियांच्या उच्च शिक्षणाचा प्रयोग’ या विषयावर त्यांचे भाषण झाले. लगेच ऑगस्टात डेन्मार्कमधील एल्सिनोर येथे नवशिक्षणाच्या पुरस्कर्त्यांची मोठी परिषद होती. तेथेही अण्णा हजर. एल्सिनोर म्हणजे शेक्सपिअरच्या हॅम्लेटचे गाव. समुद्राच्या काठी क्रोनबोर्गचा जुना किल्ला आहे, आणि त्या किल्ल्याच्या छायेत चाळीसहून अधिक देशांतले शिक्षक जमले होते. मादाम माँटेसरी तेथे होत्या. त्यांच्या पद्धतीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद त्याच वेळी तेथेच भरली. मूल आपण होऊन शिकते, मास्तराने वाटेतून बाजूला व्हावे, असा त्या सगळ्या वातावरणाचा सूर होता.

त्या मंडळींत आमचे अण्णा कसे दिसले असतील, याची कल्पना करण्याचा मोह मला नेहमी होतो. युरोपातल्या त्या शिक्षणशास्त्र्यांपुढे प्रश्न होता बालमनाच्या स्वातंत्र्याचा. अण्णांपुढे प्रश्न होता, की ज्या मुलीचे कपाळ नवव्या वर्षी पुसले गेले तिला अक्षर कोण शिकविणार. दोन्ही प्रश्न शिक्षणाचेच. पण त्यांच्या मधोमध एक अख्खा समुद्र पसरला होता. अण्णांनी त्यांच्यापुढे काही सिद्धान्त मांडला नाही. मी हे केले, असे झाले, एवढे पैसे लागतात, असा सरळ हिशेब मांडला. गणिताच्या मास्तरानेच मांडावा तसा. तेथून ते अमेरिकेस गेले, जपानास गेले, ज्या महिला विद्यापीठाची पुस्तिका वाचून सारा खटाटोप आरंभिला होता ते टोकियोत प्रत्यक्ष पाहिले, आणि १९३० च्या उन्हाळ्यात परत आले. परिषदेचे हे एक रूप झाले : मास्तर स्वतः आपले काम घेऊन जातो, आणि त्याच कामासाठी परत येतो.

दुसरे रूप वर्ध्याचे. तेथे थोडे थांबले पाहिजे, कारण महाराष्ट्राच्या भूमीवर शिक्षणाचा एवढा मोठा विचार त्याआधी दोन दिवसांत कधी झाला नव्हता.

१९३७ साली सात प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली आणि लगेच एक पेच पुढे उभा राहिला. दारूबंदी करावयाची हे काँग्रेसचे वचन. आणि शाळांचा खर्च तर पुष्कळसा अबकारी उत्पन्नावर चालणारा. म्हणजे बापाने गुत्त्यात जावे तेव्हा पोराच्या शाळेला पैसे मिळावेत, असा तो सरकारी संसार होता. गांधीजींना हे सहन होईना. जुलैपासून ‘हरिजन’ मध्ये ते लिहू लागले, की शिक्षणाने आपला खर्च आपणच काढावा. मुलाने पहिल्या दिवसापासून हाताने काही उपयोगी वस्तू करावी, आणि त्या हस्तव्यवसायातूनच त्याला भाषा, हिशेब, इतिहास-भूगोल शिकवावे. या विचाराची परीक्षा घेण्यासाठी २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात परिषद भरली. विद्यालयाच्या चालकसंस्थेचा रौप्यमहोत्सव हे निमित्त, श्रीमन्नारायण अग्रवाल हे व्यवस्थापक, आणि अध्यक्षस्थानी गांधीजी.

मंडळी कोण होती पाहा. प्रांतांचे शिक्षणमंत्री, मुंबईचे बाळासाहेब खेर, मध्यप्रांताचे रविशंकर शुक्ल. विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, कुमारप्पा. आर्यनायकम् आणि आशादेवी हे दांपत्य. मुंबईचे अर्थशास्त्री प्रा. के. टी. शहा; आणि दिल्लीच्या जामियाचे डॉ. झाकीर हुसेन. यांतले कित्येक जण राष्ट्रीय शाळांत शिकविलेले होते, तेव्हा सिमल्याशी याची तुलना करणे हा अन्याय होईल. तरीही वृत्तांतांतून जी नावे आपल्यापर्यंत आली, त्यांत चौथीपर्यंतच्या खेड्यातल्या शाळेचा, पंधरा रुपयांवर राबणारा मास्तर मला सापडत नाही. आणि दोन दिवस जे बोलणे चालले होते, ते तर त्याच्याच पगाराविषयी चालले होते.

कारण योजनेचे मर्म पगारात होते. पुढे झाकीर हुसेन समितीने जो अहवाल दिला त्यात मास्तराला दरमहा शक्य तर पंचवीस रुपये, आणि वीसांहून कमी कधीच नाही, असे धरले होते. एका वर्गात तीसांहून अधिक मुले नकोत. महिन्याला चोवीस दिवस शाळा. तेव्हा हिशेब मीच करून पाहिला. तीस मुलांनी मिळून मास्तराचे पंचवीस रुपये काढावयाचे, तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला महिन्याला सव्वातेरा आणे येतात. दिवसाला दोन पैशांहून थोडे अधिक. आकडा लहान दिसतो. पण टकळीवर सूत काढणाऱ्या सात वर्षांच्या पोरीच्या बोटांना विचारा, की दोन पैसे म्हणजे किती हात सूत!

आणि हेच त्या सभेत एका माणसाला दिसले. झाकीर हुसेन त्या वेळी चाळिशीचे होते. जामियात ते आणि त्यांचे सहकारी शिक्षक दरमहा दीडशे रुपयांहून अधिक घेणार नाही अशी वीस वर्षांची शपथ घेऊन बसले होते. तेव्हा पैशाच्या लोभाने बोलतो असे त्यांना कोणी म्हणू शकत नव्हते. गांधीजी अध्यक्ष, समोर मंत्री, भोवताली भक्तगण. अशा सभेत त्यांनी उठून सांगितले, की कामातून शिक्षण ही कल्पना शिक्षणशास्त्राला नवी नाही, आणि ती खरीही आहे. पण स्वावलंबनावर फाजील भर पडला तर मास्तर मुलांचा मुकादम होईल, गरिबांच्या पोरांची मेहनत पिळून काढील, आणि मग टकळी ही पुस्तकापेक्षाही वाईट ठरेल. प्रा. शहांनी निराळीच अडचण काढली : सरकारी आश्रयाने शाळांतून माल निघू लागला, तर पोटासाठी तोच धंदा करणाऱ्या कारागिराने कोठे जावे?

या ठिकाणी परिषद या संस्थेविषयीचे माझे मत थोडे बदलते. सिमल्यास असे कोणी बोलले असते तर त्याचे पुढे काय झाले असते, हे सांगावयास नको. वर्ध्यास काय झाले? गांधीजींनी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद दिले, ते योजनेचे गुणगान करणाऱ्याला नव्हे, तर झाकीर हुसेनांना! शहांनाही समितीत घेतले. ज्याने भोक दाखविले त्याच्याच हाती सुईदोरा द्यावा, हे शहाणपण मी ज्या परिषदांना गेलो त्यांत फारसे पाहिले नाही. आमच्याकडे शंका विचारणाऱ्याला ‘वेळेअभावी’ या एका शब्दाने खाली बसवितात.

परिषदेने ठराव चारच केले. देशभर सात वर्षे मोफत आणि सक्तीचे शिक्षण असावे. ते मातृभाषेतून असावे. सगळे शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाभोवती गुंफलेले असावे. आणि या पद्धतीतून हळूहळू शिक्षकांचे वेतन भागेल, अशी परिषदेला अपेक्षा आहे. चौथा ठराव मी पुन्हा पुन्हा वाचला. पहिले तीन कसे ठाम आहेत. मास्तराच्या पगाराशी येताच ‘हळूहळू’ आणि ‘अपेक्षा’ असे दोन मऊ शब्द आले. झाकीर हुसेनांच्या बोलण्याचा तो परिणाम असावा, असे मला वाटते. काही असो, मुलांच्या बोटांच्या दृष्टीने ते शब्द मऊ झाले हे बरेच झाले.

समितीने २ डिसेंबर १९३७ रोजी, म्हणजे सव्वा महिन्यात अहवाल हाती दिला. त्यातले वेळापत्रक वाचण्यासारखे आहे. शाळा साडेपाच तासांची. त्यांत मूलोद्योग तीन तास वीस मिनिटे. मातृभाषा चाळीस मिनिटे. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून चाळीस. समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान तीस. कवायत दहा आणि सुट्टी दहा. गणिताचा मास्तर यावर रागावेल, आणि इतिहासाचा तर रडेलच. माझ्या विषयाला विज्ञानाबरोबर भागीदारीत अर्धा तास! पण समितीचे म्हणणे असे, की सूत मोजताना गणित, कापूस कोठून आला हे सांगताना भूगोल, आणि ढाक्याची मलमल कशी बुडाली हे सांगताना इतिहास येतोच. येतो खरा, पण तो आणणारा मास्तर तसा पाहिजे. ज्याला टकळी आणि इतिहास दोन्ही येतात, आणि कोणत्या क्षणी टकळी थांबवून गोष्ट सांगावी हेही कळते, असा मनुष्य पंचवीस रुपयांत खेडोखेडी कोठून मिळावा? सगळी योजना त्याच्या खांद्यावर उभी होती. आणि त्याला तयार करावयास वेळ मात्र फारच थोडा होता. १९३८ च्या एप्रिलमध्ये वर्ध्यास विद्यामंदिर शिक्षकांचा वर्ग सुरू झाला. हिंदुस्थानी तालिमी संघ निघाला. १९३९ च्या ऑक्टोबरात पुण्यास बुनियादी शिक्षणाची पहिली परिषद भरली. आणि त्याच सुमारास महायुद्धाच्या प्रश्नावरून काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. पुढे ओरिसात तर १९४१ साली या शाळा बंदच करण्यात आल्या.

स्वातंत्र्यानंतर बुनियादी शाळांच्या पाट्या पुष्कळ लागल्या. पाटीमागे काय होते, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. शेतकरी विचारी, सूत काढणे आणि शेण गोळा करणे घरी शिकता येते, त्यासाठी पोर शाळेत कशाला धाडू? शहराकडच्या साहेबाचा पोरगा इंग्रजी शिकतो. माझाच का कापूस पिंजीत बसेल? त्याच्या प्रश्नाला उत्तर नव्हते, कारण साहेबाच्या मुलांच्या शाळेत टकळी गेलीच नाही. योजना सगळ्या देशाची होती. वाट्याला आली ती गरिबाच्या. १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाने विचार केला, तेव्हा बुनियादी हा शब्द मागे पडून ‘कार्यानुभव’ हा शब्द पुढे आला. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे, खेड्यातले शिक्षण जवळून पाहिलेले. आमच्या शाळेत कार्यानुभवाचा तास शुक्रवारी शेवटचा असे. मुले खडू करीत, कागदी फुले करीत. आणि परीक्षा जवळ आली, की त्या तासाला गणित होई. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दप्तराविना दहा दिवस सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली शिकू द्यावे असे सुचविले आहे. आणि शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावे असेही म्हटले आहे. वर्ध्यात रोजचे तीन तास वीस मिनिटे होती. आता दहा दिवस. पण सुतार शाळेच्या कागदपत्रांत परत आला, याचा मला आनंदच आहे. जोतीरावांची वाकस पुन्हा दिसली म्हणावयाची.

आता परिषदेच्या तिसऱ्या एका रूपाविषयी सांगतो. त्याचा ठरावांच्या वहीत पत्ता नसतो. मांडवाबाहेर, पाण्याच्या पिंपाशी, जेवणाच्या पंगतीत दोन माणसे भेटतात. आणि मांडवातले सारे विसरले गेले तरी त्या दोघांचे पुढचे आयुष्य त्या भेटीवर चालते. परिषदांवर रागावणाऱ्या मास्तरांना मी नेहमी बोरिवलीची आठवण देतो.

१९४५ साली बोरिवलीस कस्तुरबा ट्रस्टतर्फे ग्रामसेविकांचे शिबिर होते. पुण्याच्या हुजूरपागेत शिकविणाऱ्या एक बाई त्या शिबिराला आल्या होत्या. नाव अनुताई वाघ, वय पस्तीस, बालपणीच लग्न होऊन काही महिन्यांत वैधव्य आलेले. तेथे त्यांना ताराबाई मोडक भेटल्या. ताराबाई त्या वेळी त्रेपन्न वर्षांच्या. भावनगरास गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी माँटेसरीच्या पद्धतीचे काम केलेले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढलेला. आणि आता त्यांना एक गोष्ट खटकत होती. एल्सिनोरला ज्या माँटेसरीबाईंचा एवढा गौरव झाला, त्यांची साधने किमती होती. ती शहरातल्या पैसेवाल्यांच्या मुलांपर्यंत पोचत होती. खेड्यातल्या तीन वर्षांच्या पोराचे काय? गांधीजींनीही त्याच १९४५ च्या जानेवारीत, सेवाग्रामच्या परिषदेत, शिक्षणाचा विचार सातव्या वर्षापासून नव्हे तर जन्मापासून करावयाचा असे मांडले होते. ताराबाईंना बोर्डीस जावयाचे होते, आणि बरोबर कोणीतरी हवे होते. अनुताई निघाल्या. पुण्यातली चांगली नोकरी, चांगली शाळा, पेन्शनीचा आधार, सगळे सोडून एका शिबिरातल्या ओळखीवर निघाल्या!

बोर्डीच्या समुद्रकाठी बालवाडी सुरू झाली. किमती साधनांऐवजी शिंपले, बिया, दगडगोटे, पाने. मुले येत नाहीत असे दिसले, तेव्हा शाळाच मुलांच्या अंगणात न्यावयाची असे ठरले. त्यातून ‘अंगणवाडी’ हा शब्द आणि ती रीत निघाली. पुढे १९५०च्या दशकात ही मंडळी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेली. तेथली मुले दिवसा गुरे राखीत; मग शाळा कुरणात भरू लागली, आणि तिचे नाव पडले ‘कुरणशाळा’. ताराबाई १९७३ साली गेल्या. अनुताई त्याच टेकडीवर राहून काम करीत राहिल्या. १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा गावोगावच्या केंद्रांना नाव दिले ते अंगणवाडी. आज देशात अशी लाखो केंद्रे आहेत. त्या शब्दामागे कोणा आयोगाचा ठराव नाही. बोर्डीच्या अंगणात मुले गोळा करणाऱ्या दोन मास्तरीणबाई आहेत.

परवा आमच्या गल्लीच्या टोकाच्या अंगणवाडीवरून जात होतो. सेविका बाई दारात उभ्या होत्या, हातात मोबाइल. मुलांची वजने, उंच्या, हजेरी त्यात भरावयाची असते. आत पंधरावीस मुले एका सुरात काहीतरी म्हणत होती. बाईंना विचारले, ‘‘प्रशिक्षणाला जाऊन आलात म्हणे?’’ त्या म्हणाल्या, ‘‘हो काका, तीन दिवस जिल्ह्याला होते.’’ मी विचारले, ‘‘काय शिकवले?’’ त्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, ‘‘तिथं पलीकडच्या तालुक्यातली एक बाई भेटली. चिंचोक्यांवर बेरीज कशी घेते ती, ते तिनं जेवताना दाखवलं. या आत, दाखवते.’’